दाणे भरपूर, तरी अंडी कमी का?

रत्नागिरी जिल्ह्यातील एक वाचक भगिनी लिहितात : आमच्या परसात आठ ग्रामप्रिया जातीच्या आणि चार गावठी कोंबड्या आहेत, शिवाय एक कोंबडा आहे. ग्रामप्रिया कोंबड्यांना आता दीड वर्ष होत आले. पावसाळ्याच्या सुरुवातीला रोज सहा-सात अंडी मिळत होती. दिवाळीनंतर ती दोन-तीनवर आली आहेत. जी मिळतात त्यांचे कवच इतके पातळ असते की उचलताना बोटाखाली खचते, आणि गेल्या आठवड्यात तर एक अंडे नुसत्या पापुद्र्यात मिळाले. एक कोंबडी अंडी फोडून खाऊ लागली आहे. खाण्याची आबाळ मुळीच नाही. सकाळ-संध्याकाळ तांदळाच्या कण्या आणि घरातला उरलेला भात त्या खातील तेवढा घालतो. शेजारी म्हणतात, कोंबड्या माजल्या, दोन दिवस उपाशी ठेवा. भाऊ म्हणतो, खुराड्यात दिवा लावा. औषधाच्या दुकानातून कॅल्शियमची बाटली आणली आहे. नेमके काय करावे?

सप्रेम नमस्कार.

आपण सर्व तपशील नीट दिल्यामुळे उत्तर देणे सोपे झाले आहे. ‘खाण्याची आबाळ मुळीच नाही’ असे आपण लिहिता, आणि पोट भरण्यापुरते ते खरेही आहे. परंतु कण्या आणि भात हे दोन्ही मुख्यतः पिष्टमय असल्यामुळे कोंबडीचे पोट भरते, अंगावर चरबी चढते, आणि अंडे घडवण्यासाठी लागणारी प्रथिने व कॅल्शियम मात्र तिला मिळत नाहीत. शेजाऱ्यांचे निरीक्षण त्यामुळे अगदीच चुकीचे नाही, पण त्यांचा उपाय घातक आहे. अंड्यावर असलेल्या कोंबडीला दोन दिवस उपाशी ठेवले तर ती अंडी देणे थांबवते आणि पुष्कळदा पिसेही गाळू लागते. उपास मुळीच घडवू नका; खाद्य बदला.

आधी कवचाविषयी लिहितो, कारण आपल्या पत्रातील सर्वांत तातडीची बाब तीच आहे. एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असते, आणि खाल्लेले सगळेच अंगी लागत नसल्यामुळे अंडे देणाऱ्या कोंबडीच्या पोटात दिवसाला 4 ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम जावे लागते. सडीक तांदळाच्या 100 ग्रॅममध्ये ते असते अवघे 10 मिलिग्रॅमच्या आसपास. म्हणजे एका कवचात जेवढे कॅल्शियम असते तेवढे निव्वळ तांदळातून मिळवायचे म्हटले, तर कोंबडीला 20 किलो तांदूळ खावा लागेल. परसात हिंडताना मिळणारे किडे, गोगलगायी, हिरवा पाला यांतून ही तूट काही प्रमाणात भरून निघते, आणि वर्षाला साठ-सत्तर अंडी देणाऱ्या गावठी कोंबडीचे त्यावर भागूनही जाते. ग्रामप्रिया ही हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने मुद्दाम अंड्यांसाठी तयार केलेली जात आहे, आणि चांगल्या व्यवस्थेत ती वर्षाला 180 ते 200 अंडी देऊ शकते. तिला गावठी कोंबडीच्या शिध्यावर ठेवले की काही महिने ती स्वतःच्या हाडांतील कॅल्शियम काढून कवच घडवत राहते. तो साठा संपत आला की कवच पातळ होते, मग नुसत्या पापुद्र्याचे अंडे येते, आणि याही पुढे गेले तर कोंबडी पायांतून लुळी पडते. आपल्या कोंबड्यांपैकी एखादी लंगडत असेल किंवा पाय दुमडून बसून राहत असेल, तर तिच्याकडे आजच लक्ष द्यावे.

उपाय आपल्या दारात आहे. कोकणात तिसऱ्या आणि कालवे यांच्या शिंपल्यांना तोटा नाही. शिंपले स्वच्छ धुवून उन्हात वाळवावेत, तव्यावर थोडे भाजावेत म्हणजे ठिसूळ होतात, आणि मग खलबत्त्यात किंवा पाट्यावर कुटून ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे करावेत. पीठ करू नये, आणि याला चांगले कारण आहे. अंड्यावर कवच चढायला सुमारे 20 तास लागतात आणि त्यांतील बराचसा काळ रात्रीचा असतो, जेव्हा कोंबडी काहीच खात नाही. बारीक भुकटी तोवर पोटातून पुढे निघून जाते. जाड तुकडे मात्र पेट्यात, म्हणजे दाणे दळणाऱ्या जठरात, अडकून रात्रभर हळूहळू विरघळत राहतात आणि नेमके हवे तेव्हा कॅल्शियम पुरवतात. म्हणूनच हा चुरा दुपारनंतर कोंबड्यांसमोर असणे महत्त्वाचे आहे. ज्या कोंबडीच्या पोटात अंडे घडत असते तिला संध्याकाळच्या सुमारास त्याची आपणहून इच्छा होते. हे आपण स्वतः पाहू शकाल : सकाळी त्या भांड्याकडे ढुंकूनही न पाहणारी कोंबडी चार वाजल्यानंतर तेथे उभी राहून निवडून निवडून तुकडे टिपते.

हा चुरा खाद्यात मिसळू नका, वेगळ्या भांड्यात ठेवा. कोंबड्याला, पिसे गाळणाऱ्या कोंबडीला आणि अद्याप अंड्यावर न आलेल्या तलंगांना एवढ्या कॅल्शियमची गरज नसते, आणि वाढत्या तलंगांच्या मूत्रपिंडांना तर ते अपाय करते. वेगळे ठेवले की ज्याला हवे तो घेतो. घरातील अंड्यांची टरफले वापरायची असल्यास तीही भाजून, ओळखू येणार नाहीत इतकी कुटून द्यावीत. एक इशारा मात्र देऊन ठेवतो. शिंपल्यांपासूनच चुना होतो हे आपल्याकडे सर्वांना ठाऊक असल्यामुळे काहीजण पानाचा चुनाच खाद्यात कालवतात; तो दाहक असतो आणि चोचीला व अन्ननलिकेला इजा करतो, तेव्हा तो मुळीच देऊ नये. आणलेली बाटली वाया घालवण्याचे कारण नाही; ती कोंबड्यांसाठी असलेले औषध असेल तर तिच्यावर लिहिलेल्या मात्रेने आठवडाभर सकाळच्या पाण्यातून द्या आणि तेवढ्यात शिंपल्यांची व्यवस्था करा. माणसांसाठीचे औषध असल्यास ते अंदाजाने देऊ नका.

आता प्रथिनांकडे वळू. अंड्यावरील कोंबडीच्या खाद्यात 16 ते 18 टक्के प्रथिने असावी लागतात. तांदळाच्या कण्यांत ती सात-आठ टक्के असतात. मोठी कोंबडी दिवसाला साधारण 110 ग्रॅम खाद्य खाते. आपल्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या हिंडतात असे मी गृहीत धरतो. तसे असल्यास प्रत्येकी 60 ते 65 ग्रॅम, म्हणजे बारा कोंबड्या आणि कोंबडा मिळून सुमारे 800 ग्रॅम खाद्य रोज पुरेसे होईल. ते घरी मिसळायचे असल्यास कण्या, भरडलेला मका किंवा नाचणी मिळून अर्धा किलो, भाताचा कोंडा 130 ग्रॅम, शेंगदाण्याची पेंड 120 ग्रॅम आणि सुकवलेला जवळा 50 ग्रॅम असे प्रमाण ठेवावे. यातून सतरा टक्क्यांच्या आसपास प्रथिने मिळतात. नाचणी मिळत असेल तर ती अवश्य घाला, कारण तिच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते. शिंपल्यांची जागा ती घेऊ शकत नाही, पण तांदळापेक्षा ती कितीतरी सरस आहे. जवळा बिनमिठाचा हवा. खारवलेल्या मासळीचे तुकडे, लोणच्याचा खार, पापडाचा चुरा हे कोंबडीला सोसत नाही. आणि जवळा फार घातला तर अंड्याला मासळीचा वास येतो, ही तक्रार मग घरातूनच सुरू होईल.

बाजारातील तयार लेयर खाद्य, म्हणजे अंड्यावरील कोंबड्यांसाठीचे खाद्य, घेण्यास माझी हरकत नाही, उलट ज्यांना रोजच्या मोजमापाचा कंटाळा आहे त्यांनी तेच घ्यावे. मात्र 50 किलोचे पोते आपल्याकडे दोन महिने पुरेल, आणि कोकणच्या दमट हवेत एवढा काळ ठेवलेले खाद्य बुरसते. एखाद्या शेजाऱ्याबरोबर पोते वाटून घ्यावे हे उत्तम. बुरशी धरलेल्या मक्यात आणि शेंगदाण्याच्या पेंडीत यकृत बिघडवणारे विष तयार होते. अशा पेंडीला कुबट वास येतो आणि ती हातात घेतली तर ढेकळे सुटत नाहीत. ती वाळवून, भाजून चालते असा समज आहे. तो खरा नाही. उष्णतेने ते विष जात नाही, तेव्हा अशी पेंड टाकून द्यावी.

खाद्य एका दिवसात बदलू नका. आठवडाभरात कण्यांचे प्रमाण कमी करत नवे मिश्रण वाढवत न्या. दिवसाच्या शिध्याचा एक भाग सकाळी खुराडे उघडल्यावर थोडक्यात द्यावा, म्हणजे कोंबड्या भुकेने परसात चरायला जातात, आणि मोठा भाग सूर्यास्तापूर्वी दीड-दोन तास द्यावा. शिळा भात बंद करा असे मी सांगणार नाही, कारण तो कोणत्याच घरात बंद होत नाही. पण तो मूठ-दोन मुठींपुरता, न आंबलेला आणि संध्याकाळच्या खाद्यानंतर असावा. आधी भात मिळाला की कोंबडी पेंडीकडे वळत नाही.

एवढे सारे केल्यावरही अंडी लगेच सहा-सातवर जातील अशी अपेक्षा ठेवू नये, कारण घट होण्याचा दोष एकट्या खाद्याचा नाही. दिवाळीनंतर दिवस लहान होत जातात, आणि कोंबडीचे अंडे देणे हे दिवसाच्या उजेडाशी बांधलेले असते. रत्नागिरीत जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या आसपास असलेला दिवस डिसेंबरात जेमतेम अकरा तासांचा होतो. शिवाय दीड वर्षाची कोंबडी या सुमारास पिसे गाळते. पिसे जवळजवळ सगळी प्रथिनांचीच असतात. ती नव्याने उगवताना शरीर अंड्यांना रजा देते, आणि ही रजा दोन-तीन महिन्यांची असू शकते. खुराड्याच्या तळाशी पिसांचा थर साचत असेल, माना उघड्या दिसत असतील आणि कातडीतून नव्या पिसांचे काटे वर येत असतील, तर त्या कोंबड्यांना काहीही झालेले नाही. त्यांना जवळा थोडा जास्त द्या आणि उगाच हाताळू नका, कारण नवी पिसे दुखतात.

कोणती कोंबडी अंड्यावर आहे आणि कोणती नाही, हे ओळखण्याची रीत शिकून घेण्यासारखी आहे. रात्री कोंबड्या दांडीवर बसल्या की एकेकीला हळूच काखेत घ्यावे, तिचे डोके मागे आपल्या कोपराकडे असू द्यावे, आणि गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना हाताला लागणारी दोन टोकदार हाडे चाचपावीत. त्या दोन हाडांमध्ये दोन-तीन बोटे सहज मावत असतील आणि गुदद्वार ओलसर व रुंद असेल, तर ती कोंबडी अंडी देत आहे. जेमतेम एक बोट जात असेल, गुदद्वार आखडून कोरडे झाले असेल आणि तुरा फिकट व आक्रसलेला असेल, तर ती सध्या थांबली आहे. पोट हाताला मऊ लागते की चरबीने घट्ट झाले आहे, हेही तेव्हाच कळते. त्याच वेळी मानेखालची अन्नपिशवी पाहावी. संध्याकाळच्या खाद्यानंतर ती भरलेली आणि पहाटे रिकामी असावी. रात्रीची रिकामी असेल तर त्या कोंबडीला इतरजणी खाऊ देत नाहीत, आणि खाद्याचे आणखी एक भांडे दूर ठेवण्याची गरज आहे.

या तपासणीत सात-आठ कोंबड्या अंड्यावर असल्याचे दिसले आणि पदरात मात्र तीनच अंडी पडत असतील, तर उरलेली अंडी दुसरीकडे कोठेतरी पडत आहेत. पेंढ्याची उडवी, लाकडांची मोळी, कुंपणाची जाळी या त्यांच्या आवडीच्या जागा. चार-पाच दिवस कोंबड्यांना सकाळी अकरापर्यंत बंदिस्त ठेवा. बहुतेक अंडी त्याआधीच पडतात, आणि हिशेब लागतो.

दिव्याबद्दल आपला भाऊ चुकीचे सांगत नाही. व्यावसायिक शेडमध्ये दिव्याच्या मदतीने उजेड 15-16 तासांपर्यंत नेतात आणि थंडीतही अंडी मिळवतात. तरीही बारा कोंबड्यांच्या परसात मी तो सल्ला देणार नाही. आज आपल्या कोंबड्यांचे शरीर रिते झालेले आहे. अशा वेळी उजेड वाढवून त्यांना अंडी द्यायला लावणे म्हणजे कवच आणखी पातळ करून घेणे. पिसे येऊ द्या, हाडे भरू द्या. पुढच्या वर्षी, खाद्य व्यवस्थित बसल्यावर, दिवा लावायचाच असेल तर पाच वॅटचा पिवळसर बल्ब पहाटे लावावा. तो संध्याकाळी लावला आणि अचानक विझला, तर दांडीवर न चढलेल्या कोंबड्या अंधारात धडपडतात.

अंडी खाणाऱ्या कोंबडीचा प्रश्न पातळ कवचातूनच उद्भवला आहे. अंडे आपोआप फुटते, चोचीला चव लागते, मग ती मुद्दाम फोडू लागते. कवच सुधारले की पुष्कळ वेळा ही खोड सुटते. तोवर अंडी सकाळी आठ आणि अकरा अशी दोनदा उचलावीत. अंडी घालण्याची जागा अंधारी हवी : चार-पाच कोंबड्यांमागे एक खोके किंवा टोपली, तळाशी चांगला हातभर पेंढा आणि तोंडावर गोणपाटाचा पडदा. चोच आणि पाय अंड्याच्या बलकाने माखलेली कोंबडी सापडली तर तिला काही दिवस वेगळी ठेवा. महिनाभरात फरक पडला नाही, तर तिचे काय करायचे हे आपल्या घरात सांगावे लागणार नाही.

पाण्याचा उल्लेख आपल्या पत्रात नाही, म्हणून विचारतो. अंड्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग पाणी असतो, आणि दुपारभर भांडे कोरडे राहिले तरी दुसऱ्या दिवशी अंड्यात फरक दिसतो. एक कोंबडी दिवसाला पाव लिटर, आणि एप्रिल-मेमध्ये त्याच्या दुप्पट पाणी पिते. मातीचे पसरट भांडे सावलीत ठेवून रोज घासावे. त्याच दोन महिन्यांत कवच पुन्हा थोडे पातळ झाले तर घाबरू नका. उन्हाने धापा टाकणाऱ्या कोंबडीच्या रक्तातील कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि कवच घडण्यात अडथळा येतो. तेव्हा खाद्य पहाटे आणि ऊन उतरल्यावर द्यावे.

जंतांचे औषध शेवटचे कधी दिले ते आठवत नसेल, तर ते देण्याची वेळ झाली आहे. मोकळ्या हिंडणाऱ्या कोंबड्यांना दर दोन-तीन महिन्यांनी ते लागते; औषध आणि मात्रा पशुवैद्यकीय दवाखान्यातून विचारून घ्या, आणि त्यानंतर किती दिवस अंडी खाऊ नयेत हेही तेथेच विचारा. रात्री विजेरी घेऊन दांडीच्या फटी आणि खुराड्याचे सांधे पाहा. तांबूस, टाचणीच्या टोकाएवढे किडे दिसले तर ते रात्रभर कोंबड्यांचे रक्त पितात आणि दिवसा तेथेच लपतात. खुराडे रिकामे करून उकळते पाणी ओतावे, फटी बुजवून भिंतींना चुना द्यावा. कोंबड्यांसाठी कोपऱ्यात राख आणि कोरडी माती यांचा खड्डा ठेवला की अंगावरच्या उवांचा बंदोबस्त त्या स्वतःच करतात. आंब्यावर मारण्याचे कीटकनाशक त्यांच्या अंगावर कधीही फवारू नये.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस दिलेली नसेल तर हे बाकीचे सारे वाया जाऊ शकते. आठ आठवड्यांनंतरच्या पिलांना टोचायची आर-टू-बी लस अंड्यावरील कोंबड्यांना दिली तर अंडी एकदम घटतात. त्यांच्यासाठी पाण्यातून द्यायची लासोटा लस योग्य. एका कुपीत शंभर किंवा अधिक मात्रा असतात आणि फोडलेली कुपी ठेवता येत नाही, म्हणून वाडीतील सर्वांनी एकाच दिवशी लस द्यावी. ती बर्फात आणावी, आणि आजारी कोंबड्यांना देऊ नये. गेल्या काही महिन्यांत कोंबड्या खोकल्या असतील, मान वाकडी झाली असेल किंवा अंडी वेडीवाकडी येत असतील, तर मात्र हे प्रकरण खाद्याच्या पलीकडचे आहे आणि डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. एकाच दिवशी बऱ्याच कोंबड्या दगावल्या तर त्या हाताळू नयेत, विकू नयेत, तातडीने दवाखान्यात कळवावे. 2006 साली नंदुरबारच्या नवापूर भागात बर्ड फ्लूने घातलेला धुमाकूळ अनेकांना आठवत असेल.

आपल्या चार गावठी कोंबड्या अंडी कमी देतात म्हणून काढून टाकू नका. ग्रामप्रिया सहसा खुडूक होत नाही, म्हणजे अंडी उबवायला बसत नाही. पिले काढायची तर गावठी कोंबडीच लागते, आणि 21 दिवस ती जागा सोडत नाही. पिले नको असतील तेव्हा खुडूक कोंबडीच्या नाकात पीस घालण्याची किंवा तिला पाण्यात बुडवण्याची जी पद्धत काही ठिकाणी आहे ती टाळा. तळाला जाळी असलेल्या हवेशीर पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवले की ती उठते. ग्रामप्रियाच्या अंड्यांतून निघालेल्या पुढच्या पिढीकडून मात्र तेवढ्याच अंड्यांची आशा धरू नये; नवी पिले अधिकृत केंद्रातूनच घ्यावीत, आणि ती फेब्रुवारी-मार्चमध्ये आणली तर पावसाळ्यापूर्वी धडधाकट होतात.

शिंपले सुरू केल्यावर आठ-दहा दिवसांत कवच घट्ट झाल्याचे बोटांना जाणवेल. तसे झाले नाही, तर दोन अंडी आणि ती घालणारी कोंबडी, दोन्ही घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात जा.